चार्म क्वार्कचा ताळा

२००७ सालच्या मे महिन्यात जान्हवी केळुसकर तारकर्लीला घरी आली, ती हवालदाराची वाट बघायला. सप्टेंबरात तिला एका परिषदेसाठी जर्मनीला जायचं होतं. त्यासाठी पासपोर्ट हवा होता, आणि पासपोर्टच्या चौकशीला हवालदार येईल तेव्हा अर्ज करणारा माणूस जागेवर सापडावा लागतो. तो नक्की कधी येणार हे फोनवर कुणी सांगेना. "या आठवड्यात येतील," एवढंच उत्तर मिळे. शेवटी तिने मुंबईतल्या आपल्या संस्थेतून दहा दिवसांची रजा घेतली, लॅपटॉप पाठीला लावला आणि बुधवारी सकाळच्या गाडीने कुडाळला उतरली.

घरात दोघंच. वडील रामचंद्र होडी घेऊन मासे मारायला जात आणि आई हिरा मालवणच्या बाजारात मासळी विकायला बसे. जान्हवी त्यांची एकुलती एक, सत्ताविशीतली, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. ती काय करते असं कुणी विचारलं की हिरा सांगे, "आमचां जान्हवी काँप्युटरात कायतरी उकळीत बसता." जान्हवीने हे वाक्य कधी दुरुस्त केलं नव्हतं, कारण ते फारसं चुकीचं नव्हतं.

दोन जड अणुकेंद्रं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली, की त्यांच्यातले प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून जातात. त्यांच्या पोटातले क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन मोकळे होतात आणि त्यांचा एक विलक्षण गरम द्रव तयार होतो. तापमान दोन-तीन लाख कोटी अंश. तो टिकतो अगदी निमिषाच्याही निमिषभर. त्याच टकरीत थोडे चार्म क्वार्कही जन्माला येतात. साध्या क्वार्कच्या मानाने ते शेकडो पटींनी जड. या द्रवातून वाट काढत ते बाहेर पडतात, आणि वाटेत द्रवाचे कण त्यांना सारखे धडकत राहतात. चार्म किती मंदावला हे कळलं, की द्रव कसा असेल याचा अंदाज बांधता येतो. आत डोकावून बघायची सोय नसल्यामुळे जान्हवी तो द्रवच संगणकात तयार करायची. त्यात लाखो चार्म क्वार्क सोडायची आणि एकेकाला इवल्या इवल्या पावलांनी पुढे न्यायची. दर पावलाला त्याला द्रवाची थोडी ओढ लागायची, मागे खेचणारी, आणि एक धक्का बसायचा, जो कुठल्याही बाजूने येऊ शकतो.

अमेरिकेतल्या प्रयोगांत दोन-तीन वर्षांपासून असं दिसत होतं की चार्म अपेक्षेपेक्षा बराच जास्त मंदावतो. का, ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. जान्हवीच्या गणिताचं म्हणणं होतं की नेहमीच्या धडकांनीच एवढं होतं, दुसरं कारण शोधायलाच नको. आलेखावर तिची रेघ प्रयोगाच्या ठिपक्यांमधून सुईत दोरा ओवावा तशी गेली होती. तिच्या मार्गदर्शक डॉ. विमला परब यांनी तो आलेख बघून चष्मा काढला होता, पुसला होता आणि पुन्हा घातला होता. चार वर्षांत त्यांनी कशाचं एवढं कौतुक केल्याचं जान्हवीला आठवत नव्हतं. निबंध येत्या सोमवारी नियतकालिकाकडे पाठवायचा होता. राहिली होती ती फक्त मजकुरावरून एकदा हात फिरवायची.

तेवढंसुद्धा जमेना. भारनियमनामुळे सकाळी चार तास आणि दुपारी तीन तास वीज गायब. लॅपटॉपची बॅटरी दीड तासात मान टाकायची. गुरुवारचा दिवस तिने ओटीवर बसून काळ्या पडद्याकडे बघण्यात घालवला.

"उद्या माझ्यावांगडा मालवणाक चल," हिरा म्हणाली. "बाबलीच्या बर्फाच्या कारखान्यात जनरेटर आसा. थंय बस."

"तेंका चलात?"

"न चलूक काय झालां? पंधरा वर्सां मी तेच्याकडसून बर्फ घेतंय."

शुक्रवारी सकाळी दोघी माशांच्या टोपल्यांसकट रिक्षाने मालवणला गेल्या. बर्फाचा कारखाना बंदराजवळच होता. आत मोठ्या टाकीत मिठाचं पाणी फिरत असे, उणे दहा अंशाचं, आणि त्यात पत्र्याचे लांबट डबे उभे बुडवून गोड्या पाण्याच्या लाद्या तयार होत. एका कोपऱ्यात काचेची खोली होती. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, गणपतीचं कॅलेंडर आणि मुख्य म्हणजे विजेचं बटण. बाबली साठीला टेकलेला, बारीक चणीचा माणूस. गेली तीस वर्षं कारखाना तोच चालवत होता. त्याने टेबलावरचे कागद उचलून जान्हवीला जागा करून दिली.

"ह्या तुझ्या काँप्युटरात काय उकळता म्हणता आवस तुझी," तो म्हणाला. "किती गरम?"

"दोन-तीन लाख कोटी अंश."

बाबलीने तिच्याकडे बघितलं, मग काचेतून आपल्या टाकीकडे बघितलं. "वायच लांब बस, बाय," तो म्हणाला. "लाद्यो वितळतीत."

सकाळभर जान्हवीचं काम छान चाललं. कॉम्प्रेसरचा आवाज थोड्या वेळाने कानाला ऐकू येईनासा झाला आणि उन्हाळ्यात अंगावर गार वारा घेत तिने निबंधाची अर्धी पानं तपासून काढली. अकराच्या सुमाराला बाबली एक नवाकोरा तापमापक घेऊन आला, हातभर लांब, काचेचा. टाकीतला जुना आदल्या दिवशी फुटला होता. त्याने एका बादलीत बर्फाचा चुरा घेतला, त्यात गोडं पाणी ओतलं, लाकडाने ढवळलं, तापमापक आत उभा केला आणि चहा मागवून खुर्चीत बसला.

"टाकीत नाय घालणत?" जान्हवीने विचारलं.

"घालतलंय मगे. आधी हंय."

"हंय कित्याक?"

"नवो आसा तो. तेच्यार इस्वास कसो ठेवतलंय?" बाबली बशीत चहा ओतत म्हणाला. "टाकीत किती अंश आसत तां माका खंय म्हायत? तां बघूकच तर तेका घालूचो. पण ह्या बादलीत शून्य आसा, तां माका ठाऊक. हंय खोटां बोललो, तर टाकीत खरां बोलात कशावरून?"

चहा संपल्यावर त्याने वाकून बघितलं. पारा शून्याच्या वर दीड अंशावर थांबला होता. बाबलीने कुरकुर केली नाही. खिशातून चिकटपट्टीचा तुकडा काढला, त्यावर पेनाने 'दीड कमी धरणे' असं लिहिलं, तो तापमापकाच्या डोक्याशी चिकटवला आणि तापमापक टाकीत नेऊन सोडला.

जान्हवी पुन्हा निबंधाकडे वळली, पण वाचलेलं डोक्यात शिरेना. तिचा प्रोग्रॅम बरोबर आहे हे ती कशावरून म्हणत होती? रेघ प्रयोगाच्या ठिपक्यांमधून जाते, यावरून. पण प्रयोगात नेमकं काय घडतं हेच तर शोधायचं होतं. जिथे उत्तर आधीपासून ठाऊक आहे अशा जागी तिने प्रोग्रॅम कधी चालवून बघितला नव्हता. अशी जागा होती, आणि अगदी साधी होती. प्रसरण पावणारा, निवत जाणारा द्रव घ्यायचाच नाही. एकाच तापमानाचा स्थिर द्रव घ्यायचा, त्यात चार्म सोडायचे आणि खूप वेळ तसेच राहू द्यायचे. धक्के खाऊन खाऊन शेवटी ते द्रवाइतकेच गरम झाले पाहिजेत. तेव्हा त्यांची सरासरी ऊर्जा किती असेल हे कागदावर चार ओळींत काढता येतं.

हे कधी कुणी केलं नव्हतं, कारण प्रोग्रॅमचा गाभा जुना होता. ओढ आणि धक्के देणारा भाग खुद्द विमला मॅडमनी फोर्ट्रान या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. त्याच्यावर त्यांचे दोन निबंध छापून आले होते. जान्हवीला तो तयार मिळाला होता आणि तिने त्याच्याभोवती आपलं काम उभं केलं होतं.

तिने हजार चार्म क्वार्क स्थिर द्रवात सोडले आणि आईबरोबर भाकरी खायला बाजारात गेली. परत आली तेव्हा उत्तर तयार होतं. सरासरी ऊर्जा हवी त्यापेक्षा नऊ टक्के कमी.

गरम पाण्यात ठेवलेली वस्तू सावकाश गरम होईल, पण दिवसभर ठेवूनही पाण्यापेक्षा गार राहील असं जगात कुठे होत नाही. तिच्या संगणकात तसं झालं होतं. तिने पाच हजार क्वार्क घेतले. तेच. काळाचं पाऊल दहापट लहान केलं. तेच. मग ती खुर्ची ओढून मॅडमच्या फोर्ट्रानच्या ओळी एकेक करून वाचायला बसली. चारच्या सुमाराला तिला ती जागा सापडली. धक्का किती मोठा हे पाऊल टाकण्याआधीच्या वेगावरून ठरवलं होतं. ओढीचं सूत्र मात्र पाऊल टाकल्यानंतरचा वेग धरणाऱ्या रीतीतलं होतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र आणताना मध्ये एक राशी वजा करावी लागते, ती राहून गेली होती. त्यामुळे ओढ जराशी जास्त व्हायची आणि चार्म उगाचच मंदावायचा. प्रयोगाशी जुळणारी ती सुरेख रेघ थोडीफार याच चुकीतून आली होती.

तिने लॅपटॉप बंद केला. मॅडमना लगेच फोन करावा असं तिला वाटलं, आणि तिने केला नाही.

संध्याकाळी रामचंद्र ओटीवर जाळं पसरून फाटकी टोकं गाठत बसला होता. जान्हवी पायरीवर बसली. त्याने हातातलं काम न थांबवता विचारलं, "काय झालां?"

"चूक गावली."

"तुझी?"

"मॅडमची. धा वर्सांपूर्वीची."

"मगे तू कित्याक तोंड पाडून बसलंस?"

"तेंका सांगूक होया. सोमवारी निबंध जाणार आसा. आणि तेंचे जुने निबंध पण तेच्यारच आसत."

रामचंद्राने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "मी लवू तांडेलाच्या होडयेर कामाक होतंय तेव्हाची गजाल," तो म्हणाला. "धुक्यात तो होडी भलत्याच वाटेन नेय होतो. पाण्यातलां खडप खंय आसा तां माका दिसला. तो तांडेल, मी काल इललो खलाशी. पण सांगलंय."

"तेना काय म्हटल्यान?"

"गाळी घातल्यान. मगे होडी फिरवल्यान."

जान्हवीला हसू आलं. "मॅडम गाळी घालणत नाय."

"मगे बरांच आसा. सकाळी सांग. आता जेव."

शनिवारी सकाळी ती पुन्हा आईबरोबर मालवणला गेली. कारखान्याच्या बाहेर, जिथे कॉम्प्रेसरचा आवाज कमी यायचा तिथे उभं राहून तिने मुंबईला फोन लावला.

"मॅडम, मी जान्हवी. निबंध सोमवारी पाठवू नका."

"का गं? हवालदार आला नाही अजून?"

"नाही आला. पण ते नाही. चार्म गार पडतोय."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. इकडे कारखान्यात कुणीतरी बर्फाची लादी चुरा करायच्या यंत्रात घातली, तिचा कडकडाट संपेपर्यंत दोघी थांबल्या.

"किती टक्के म्हणालीस?"

"नऊ."

"पाऊल लहान करून बघितलंस?"

"दहापट. फरक पडत नाही. चूक सूत्रात आहे, मॅडम. त्या जुन्या भागात." तिने ओळीचा क्रमांक सांगितला.

मॅडम म्हणाल्या, "तो भाग मी अठ्ठ्याण्णव साली लिहिला. चार दिवसांत लिहिला होता. मला फार अभिमान होता त्याचा." आणि थोड्या वेळाने, "हे तुला कधी कळलं?"

"काल दुपारी चारला."

"आणि फोन आज सकाळी नऊला. सतरा तास घाबरत होतीस?"

"झोपले होते मधे," जान्हवी म्हणाली. मॅडम हसल्या, आणि तेव्हा कुठे तिलाही हसू आलं.

"मला ते सगळं मेल कर," मॅडम म्हणाल्या. "आणि ऐक. मला सुट्टीत गोव्यात पेडण्याला माझ्या भावाकडे जायचंच आहे. सोमवारी कुडाळला उतरते आणि तुझ्याकडे येते. हे फोनवर होण्यासारखं काम नाही. दोन दिवस बसू. तुमच्याकडे वीज असते का?"

"बर्फाच्या कारखान्यात असते."

"चालेल," मॅडम म्हणाल्या, जणू बर्फाच्या कारखान्यात बसून काम करणं ही नेहमीचीच गोष्ट होती.

मॅडम येणार हे ऐकून हिराने घर सारवून घेतलं, शेजारच्या आनंदीबाईंकडून नवी चादर आणली आणि मुंबईच्या प्राध्यापक बाई मासे तरी खातात का याची चौकशी तीनदा केली. सोमवारी दुपारी मॅडम एसटीने मालवणला उतरल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, उंच, खांद्याला कापडी पिशवी, आणि सरळ बाजारात येऊन हिराच्या टोपल्यांसमोर उभ्या राहिल्या.

"जान्हवीची आई तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं, आणि हिराने उत्तर द्यायच्या आत टोपलीतला बांगडा उचलून त्याचे कल्ले उलटून पाहिले. "ताजो आसा," त्या आपल्या पेडण्याच्या बोलीत म्हणाल्या. हिराचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर दोन दिवस त्या दोघी आपसात अशा भराभर बोलत राहिल्या की जान्हवीला मधे शब्द टाकायला फट मिळत नसे. मॅडमनी सुक्या बांगड्याची किसमूर दोनदा मागून खाल्ली. रामचंद्र पहिल्या दिवशी संकोचून मागच्या दारी जेवला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला हाक मारून पंक्तीला बसवलं आणि वारा बदलला की मासळी कुठे सरकते ते विचारून घेतलं.

कारखान्यातल्या काचेच्या खोलीत मात्र त्या वेगळ्या होत्या. बाबलीने कॅलेंडरची गेल्या वर्षीची पानं काढून दिली, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मॅडम अगदी पहिल्यापासून सूत्र मांडत गेल्या. जान्हवी शेजारी बसून बघत होती. तिसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचं पेन थांबलं.

"ही," त्या म्हणाल्या. "ही राशी. मला आता आठवलं. मी ती विसरले नव्हते. लहान म्हणून सोडली होती."

"लहान आहे का?"

"हळू चालणाऱ्या कणांना लहान आहे. वेगवान कणांना नाही. तेव्हा माझ्याकडे वेगवान कण नव्हतेच. दुसऱ्या निबंधात थोडे आले. तुझ्याकडे तर सगळे तेच आहेत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पहिला निबंध ठीक आहे. दुसऱ्याला दुरुस्ती छापावी लागेल. मी आजच लिहायला घेते."

"मॅडम, मी आधीच तपासायला हवं होतं."

"मीही तपासायला हवं होतं. तू तपासलंस तर खरं." आणि मग त्यांनी विचारलं, "हे तुला सुचलं कसं? चार वर्षांत आपल्याला कुणाला सुचलं नाही."

जान्हवीने काचेतून बाबलीकडे बोट दाखवलं आणि बादलीची गोष्ट सांगितली. मॅडम उठल्या, टाकीशी गेल्या आणि चिकटपट्टीवरचं 'दीड कमी धरणे' वाचून आल्या. बाबलीला त्यांनी काय सांगितलं ते कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण तो डोक्याची टोपी काढून उभा होता.

ती राशी घालून त्यांनी स्थिर द्रव पुन्हा चालवला. हवालदार आला तो नेमका त्याच वेळी. तारकर्लीच्या घरी कुलूप दिसलं म्हणून शेजाऱ्यांना विचारत विचारत तो कारखान्यापर्यंत आला होता. घामाघूम झालेला तो गृहस्थ गार हवेत शिरल्याबरोबर खूश झाला आणि मिळालेल्या खुर्चीत ऐसपैस बसला.

"अर्जदार आपणच? इथे नोकरीला आहात?"

"नाही, विद्यार्थिनी आहे. इथे फक्त विजेसाठी बसते."

"परदेशी जाण्याचं कारण?"

"परिषद आहे. क्वार्कवर भाषण द्यायचंय."

हवालदाराने 'शिक्षण' असं लिहिलं. "ओळखणारे दोन स्थानिक इसम लागतील."

बाबली पुढे झाला, चुऱ्याच्या यंत्रावरचा माणूस पुढे झाला. "वर्तणूक कशी आहे?" हवालदाराने विचारलं.

"वीज खाता," बाबली म्हणाला. "बाकी बरां आसा."

हवालदाराने दोघांच्या सह्या घेतल्या आणि आणखी अर्धा तास गारव्यात बसून गेला. तोपर्यंत लॅपटॉपवर आकडा आला होता. आता फरक अर्ध्या टक्क्याहून कमी होता, आणि क्वार्कांची संख्या वाढवल्यावर तोही घटत होता. मॅडम म्हणाल्या, "आता द्रवाइतकाच गरम झाला बिचारा."

खरा हिशेब, प्रसरण पावणाऱ्या द्रवाचा, लॅपटॉपवर होण्यासारखा नव्हता. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम त्यांनी बाजारातल्या सायबर कॅफेतून मुंबईच्या मोठ्या संगणकांवर चढवला. बुधवारी सकाळी पहिलं उत्तर उतरलं. कॅफेच्या छोट्याशा पडद्यावर आलेख वरून खाली ओळीओळीने उमटत गेला. प्रयोगाचे ठिपके होते तिथेच होते. रेघ त्यांना सोडून बरीच वर गेली होती. नेहमीच्या धडकांनी चार्म जितका मंदावत होता, तेवढ्याने प्रयोगातलं मंदावणं जेमतेम निम्मं भरून निघत होतं.

जान्हवी बराच वेळ बघत राहिली. चार वर्षांचा आलेख असा मोडलेला बघून आपल्याला वाईट वाटेल अशी तिची समजूत होती. तसं वाटलं नाही. शुक्रवारपासूनची धास्ती मात्र गेली होती.

"दिसायला वाईट आहे," ती म्हणाली.

"फार वाईट," मॅडम म्हणाल्या. "निबंधाचं नाव बदलावं लागेल. आणि निष्कर्ष सगळाच नव्याने. पण आता कुणी विचारलं तर मला झोपेतून उठून याच्यासाठी भांडता येईल." त्यांनी पडद्यावर रेघ आणि ठिपक्यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. "या इथे काय आहे, ते कोण शोधणार?"

"मी," जान्हवी म्हणाली.

त्या संध्याकाळी मॅडमना पेडण्याला जायचं होतं. रामचंद्राने त्यांना आधी होडीतून कर्ली नदीच्या मुखापर्यंत फिरवून आणलं. मॅडम साडी आवरून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसल्या होत्या आणि हिरा त्यांच्या शेजारी. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हिरा नवऱ्याच्या होडीत अशी नुसती बसायला पहिल्यांदाच आली होती. ती वरून शांत दिसत होती, पण उतरताना त्याला म्हणाली, "अजून वायच फिरवलां असतंस तर काय झालां असतां?"

निबंध मेऐवजी ऑगस्टात गेला. तेवढ्या अवधीत दुसऱ्या एका गटाचा याच विषयावरचा निबंध आधी छापून आला. त्यांचं उत्तर जान्हवीच्या नव्या उत्तराच्या जवळपास होतं. पहिलेपणाचा मान गेला याची तिला दोन दिवस रुखरुख लागली. पण दोन वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या वाटांनी तेच गाठलं म्हटल्यावर परिषदेत कुणी तिच्या आकड्यांवर शंका घेतली नाही. तिला विचारलं गेलं ते एवढंच, की उरलेलं निम्मं कुठून येतं. तिने भरल्या सभेत सांगितलं की अजून माहीत नाही, शोधते आहे. विमला मॅडमची दुरुस्ती दोन पानांची होती. तिच्या शेवटी जान्हवीचे आभार मानले होते, साध्या एका ओळीत.

जर्मनीहून तिने घरी फोन केला तेव्हा हिराने आधी थंडीची चौकशी केली, मग जेवणाची. भाषण कसं झालं हे तिने विचारलं नाही. ते तिला मॅडमकडून आदल्याच दिवशी कळलं होतं. मॅडम आता दर पंधरवड्याला तिला फोन करत आणि दोघी अर्धा-अर्धा तास बोलत. कशाबद्दल, ते जान्हवीला कधी नीट कळलं नाही.

मुंबईला परतल्यावर तिने नवी वही उघडली. चार्म धडकताना वाटेत काही ऊर्जा बाहेरही टाकतो, तिचा हिशेब अजून कुणी या रीतीने केला नव्हता. तो अवघड होता आणि त्याला किमान दोन वर्षं लागणार होती. तिने पहिल्या पानावर तारीख टाकली, खिडकी उघडली आणि स्थिर द्रवापासून सुरुवात केली.